ऑइलमधला फॉस्फरस का घटला?

जुन्या गाडीचे टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपा ढकलणारे भाग, वाजू लागले की मुंबईच्या गॅरेजांत एक निदान ठरलेले असते: नव्या ऑइलमध्ये पूर्वीचा दम राहिला नाही. हा समज पूर्ण खोटा नाही, पण दोष भलत्याच डब्यावर जातो.

वादाच्या मुळाशी झेडडीडीपी हे झिंक आणि फॉस्फरसचे संयुग आहे. १९४०च्या दशकात ते आले तेव्हा बेअरिंगचा गंज आणि तेलाचे ऑक्सिडेशन रोखणे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. झीज थांबवण्याचा गुण नंतर लक्षात आला. कॅमचा लोब, म्हणजे झडपा उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, टॅपेटवर घासतो तिथे तेलाचा पडदा टिकत नाही. तिथल्या उष्णतेने आणि दाबाने हे संयुग फुटते आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर धरतो. मग झिजतो तो थर, धातू वाचतो.

१ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. थोडे ऑइल प्रत्येक इंजिनात जळते आणि त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टर निकामी करत जातो. म्हणून अमेरिकी दर्जांनी फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.१२ टक्क्यांवरून आधी ०.१० आणि २००४मध्ये ०.०८ टक्क्यांवर आणली. निर्णय नव्या गाड्यांसाठी रास्त होता. पण आपल्या रस्त्यांवर तेव्हा सपाट टॅपेटच्या पद्मिनी टॅक्सी दिवसरात्र धावत होत्या आणि त्यांना कन्व्हर्टर नव्हताच.

आता गोम अशी, की ही मर्यादा ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ग्रेडपुरतीच होती. जुन्या इंजिनांत पडणारे जाड २०डब्ल्यू-५० तिच्यातून सुटलेले होते. या सवलतीची माहिती गिऱ्हाइकापर्यंत कधी धड पोहोचलीच नाही. तिच्या अभावी ऑइलमध्ये वरून झेडडीडीपी ओतण्याच्या ‘ताकदीच्या’ बाटल्यांचा धंदा मात्र फोफावला. ऑइलमधले डिटर्जंट, म्हणजे इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने, आणि झेडडीडीपी धातूच्या त्याच पृष्ठभागासाठी झगडतात; वरून ओतलेली बाटली कंपनीने जुळवलेले प्रमाण बिघडवते. त्यापेक्षा योग्य ग्रेडचे ऑइल वेळेवर बदलणे केव्हाही स्वस्त.

पावसाळ्यात ट्रॅफिकमध्ये रखडत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तर झीजरोधकाइतकाच डिटर्जंटही महत्त्वाचा. इंजिन पुरते तापत नाही, आत पाणी धरते आणि ऑइल कॅपच्या आतून पिवळट फेस दिसतो. अशा वेळी तयार होणारी आम्ले मारण्याचे काम डिटर्जंटमधला अल्कलीचा साठा करतो. ऑइल लवकर काळे पडले म्हणून ते वाईट असे नव्हे. काजळी इंजिनाला न चिकटता तेलात तरंगते आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ.

२०२०मध्ये गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे कडक मानक आल्यावर वाद फॉस्फरसपुरता उरला नाही. झिंक आणि कॅल्शियम जळून राख होते, ती डिझेल गाडीच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साठते आणि कितीही तापवली तरी जळत नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कॅल्शियममुळे कमी वेगात अवेळी स्फोट होण्याचा धोका वाढतो, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्याचा बराचसा वाटा मॅग्नेशियमने घेतला आहे.