ट्रान्सक्रेनियल डॉपलर (विदर्भातील सिकलसेलच्या संदर्भात)

कवटी न उघडता मेंदूच्या मोठ्या धमन्यांमधील रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजण्याची तपासणी. रुने आस्लिड व सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये मांडली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत सिकलसेलचे (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे) रुग्ण बरेच असल्याने इथे तिचे मोल वेगळे आहे.

सिकलसेल आहे की नाही, हे रक्त सांगते. आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाळणी, मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि हाती येतो ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण) पॅटर्न. पण एसएस मुलाला पक्षाघाताचा धोका किती, ते त्या कागदावर नसते. विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे धमनीचे अस्तर बिघडून ती आतून अरुंद होते. पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबल्यावर धार जोरात निघते, तसे रक्त तिथून धावते. डॉपलर मोजतो तो हाच जोर.

साधारण २ मेगाहर्ट्झचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारी दांडी) कानाच्या जरा वर, हाड पातळ असते तिथे टेकवतात. ना सुई, ना किरणोत्सर्ग. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर ठीक, १७० ते १९९ असला तर लवकर फेरतपासणी, २०० किंवा जास्त असला तर धोका मोठा. मूल जागे आणि शांत हवे. झोपेत किंवा तापात वेग वाढतो, रडताना आकडा खाली येऊ शकतो. रडणाऱ्या मुलाला दाबून धरून काढलेला रिपोर्ट कागद म्हणून ठीक, उपचारासाठी नाही.

२०० ही रेषा पक्की झाली ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘स्टॉप’ चाचणीने. धोका जास्त असलेल्या १३० मुलांपैकी नेहमीच्या उपचारावरील ६७ जणांत ११ पक्षाघात झाले, नियमित रक्त दिलेल्या ६३ जणांत एकच. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ती मुले मात्र आफ्रिकी वंशाची होती. विदर्भात सिकलसेल जनुकाचा अरब-भारतीय हॅप्लोटाइप (आनुवंशिक प्रकार) आढळतो, त्यात पेशींना विळ्याचा आकार येऊ न देणारे गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असते. तेव्हा तोच आकडा इथल्या मुलांना जसाच्या तसा लावावा का, हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे.

एमआरआयचे काम निराळे. लक्षणांविना झालेली मेंदूची इजा तो दाखवतो, आणि मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरू लागलेला साध्या एक्स-रेच्या (गावच्या भाषेत ‘फोटो’च्या) आधी ओळखतो. पण त्यासाठी सहसा द्रव हेलियमने अतिथंड ठेवलेला चुंबक आणि अखंड वीज लागते. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या माणसाला ‘मशीनमध्ये जायचं’ म्हणजे दिवसाची मजुरी आणि मुक्काम. डॉपलरचे छोटे यंत्र टेबलावर मावते. अडचण आहे ती प्रोब नीट धरू शकणाऱ्या हाताची. शिवाय तपासणी दरवर्षी करायची असते, आणि तारीख नेमकी धानाच्या रोवणीत आली तर ती चुकते. आकडा २०० च्या वर निघाला तर पुढे रक्तपेढी किंवा गर्भीय हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आवाक्यात असाव्या लागतात.