सर्वांत मोठ्या आयताचे गणित: उत्तर जुने, रीत नवी

४० मीटर तारेने घेरता येईल असा सर्वांत मोठा आयत कोणता? बीजगणिताच्या गृहपाठात हा प्रश्न हमखास असतो. १० मीटर बाजूचा चौरस, हे उत्तर पुष्कळ मुले अंदाजाने सांगतात. गाडी अडते ती ‘एक बाजू क्ष धरून क्षेत्रफळ क्ष च्या रूपात लिहा’ या पायरीवर. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. उत्तर माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे ठाऊक आहे. ही पायरी मात्र जेमतेम चारशे वर्षांपूर्वीची.

इसवी सनापूर्वी १८००च्या सुमाराच्या बॅबिलोनियातील मातीच्या पाट्यांवर आयताची लांबी-रुंदीची बेरीज आणि क्षेत्रफळ देऊन बाजू काढायला सांगितलेल्या आहेत. रीत अशी: बेरीज २०, क्षेत्रफळ ९६ असेल तर २०ची निमपट १०, तिचा वर्ग १००, त्यातून ९६ गेले, उरले ४, त्याचे वर्गमूळ २. म्हणून बाजू १२ आणि ८. क्षेत्रफळ १००च्या वर नेले की वजाबाकीच होत नाही. कमाल मर्यादा या रीतीतच दडलेली आहे. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने ती उघड केली. त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातले पाचवे विधान आजच्या चिन्हांत (१० + ड)(१० − ड) = १०० − ड² असे लिहिता येते (ड म्हणजे बाजू १०पासून किती दूर आहे ते अंतर); सहाव्या भागातले सत्ताविसावे विधान तर थेट कमाल क्षेत्रफळाचेच आहे. पण तिथे सगळे काम आकृतीवर चालते. बदलणारी राशी अक्षराने दाखवलेली नाही.

मधल्या काळात श्रीधराचार्य आणि अल-ख्वारिझ्मी यांनी वर्ग पूर्ण करण्याच्या, म्हणजे समीकरण पूर्ण वर्गाच्या रूपात आणून सोडवण्याच्या रीती दिल्या. श्रीधराचार्यांची रीत आपल्यापर्यंत पोचली ती भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळे.

खरे वळण सतराव्या शतकातले. फ्रेंच गणिती फेर्माने उदाहरणादाखल जवळपास हेच गणित घेतले: एका रेषेचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा होईल. एक भाग क्ष धरला तर आपल्या आकड्यांत तो गुणाकार २०क्ष − क्ष². आता क्षच्या जागी क्ष + इ घाला; इ हा अगदी लहानसा बदल. कमाल किमतीजवळ गुणाकार फारसा हलत नाही, म्हणून दोन्ही किमती जवळजवळ समान धरा. समान पदे गेली की २०इ = २क्षइ + इ² उरते. इ ने भागा, मग उरलेला इ सोडून द्या: क्ष = १०. शून्य नाही म्हणून भागायचे आणि लगेच शून्य मानून सोडायचे, हे खटकणारेच; देकार्तने या रीतीवर कडाडून टीका केली. तरी याच वाटेने पुढे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आले. लायब्निट्सच्या १६८४च्या लेखाच्या शीर्षकातच कमाल-किमान मूल्यांचा उल्लेख आहे.

‘फल’ (फंक्शन), म्हणजे एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी कशी बदलते हे सांगणारा नियम, ही कल्पना याहूनही उशिराची. योहान बर्नुलीने १७१८मध्ये तिची व्याख्या दिली आणि ऑयलरने १७४८च्या ग्रंथात तिच्यावरच सारी मांडणी उभी केली.

क्षेत्रफळ क्षच्या रूपात लिहिण्याच्या पायरीचे मोल प्रश्न जरा बदलला की कळते. एका बाजूला भिंत असेल आणि तार फक्त तीन बाजूंना लावायची असेल, तर ‘चौरस’ हा अंदाज चुकतो. भिंतीला लंब बाजू क्ष धरली तर क्षेत्रफळ क्ष(४० − २क्ष), म्हणजेच २०० − २(१० − क्ष)². कमाल क्षेत्रफळ २०० चौरस मीटर, बाजू १० आणि २० मीटर.