अनेक क्लिप, एक फाईल : आधी जोडणी की आधी एन्कोडिंग?

कॅप्चर केलेल्या, म्हणजे संगणकावर उतरवून घेतलेल्या, क्लिप जोडून एकच एन्कोड केलेली (ठरावीक स्वरूपात दाबून लहान केलेली) फाईल कशी करावी, हा प्रश्न आज बहुधा मोबाइलवरील चित्रीकरणाबाबत विचारला जातो. परंतु त्यातील बहुतेक गुंते मिनीडीव्ही कॅसेट (घरगुती कॅमेऱ्यांतील छोट्या डिजिटल कॅसेट) संगणकावर उतरवून घेण्याच्या काळात, म्हणजे १९९५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत, तयार झाले. त्यापूर्वी जोड हाताने दिला जात असे. फिल्मच्या पट्ट्या सिमेंटने किंवा चिकटपट्टीने सांधल्या जात. १९५६ मध्ये आलेल्या दोन इंची व्हिडिओ टेपवर चित्र डोळ्यांना दिसत नसल्यामुळे लोहकणांचा द्राव लावून चुंबकीय रेषा उघड कराव्या लागत आणि मगच पाते चालवता येई. पुढे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल करत संपादन होऊ लागले व प्रत्येक नकलेगणिक चित्र फिके होत गेले.

मिनीडीव्ही कॅसेटवर वापरल्या जाणाऱ्या डीव्ही या डिजिटल पद्धतीने ही घसरण थांबवली. तीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबून लहान केलेली असते, आणि पॅल या भारतातही वापरल्या जाणाऱ्या टीव्ही प्रणालीत ती नेमकी १,४४,००० बाइट जागा घेते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सुमारे ३.६ एमबी आणि तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी होतात. कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या फायरवायर या तारेने जे घडे त्याला सर्वजण कॅप्चर म्हणत असले, तरी ती प्रत्यक्षात टेपवरील अंकांची जशीच्या तशी नक्कल होती. जुनी अ‍ॅनालॉग व्हीएचएस कॅसेट संगणकातील कॅप्चर कार्डाद्वारे उतरवताना होणारे एन्कोडिंग तिथे होतच नव्हते. एकाच शब्दाने दोन भिन्न क्रिया ओळखल्या गेल्यामुळे पुढील वादात बराच गोंधळ झाला.

एका कॅसेटच्या अनेक क्लिप होण्याला दोन कारणे होती. प्रत्येक फ्रेमसोबत चित्रीकरणाची तारीख व वेळ नोंदलेली असल्यामुळे कॅप्चरचे सॉफ्टवेअर वेळ तुटेल तिथे नवी फाईल सुरू करत असे. लग्नाच्या कॅसेटमध्ये, जिथे कॅमेरा हळदीपासून वरातीपर्यंत सतत चालू-बंद होई, अशा डझनावारी फायली सहज होत. दुसरे कारण जागेच्या मर्यादेचे होते : एव्हीआय या व्हिडिओ फाईलच्या १९९२ च्या मूळ रचनेवर चालणारी जुनी सॉफ्टवेअर २ जीबीपाशी, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिनिटांनंतर, अडत, आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर एका फाईलला ४ जीबीची भिंत होती.

आता वादाच्या मुद्द्याकडे यावे. या क्लिपपासून डीव्हीडीसाठी एमपीईजी-२ (डीव्हीडीवर चालणाऱ्या स्वरूपाची) फाईल करायची, तर प्रत्येक क्लिप आधी एन्कोड करून मग जोडावी, की आधी सर्व क्लिप जोडून एकदाच एन्कोडिंग करावे? पहिल्या मार्गाचे समर्थक डिस्कवरील जागेकडे बोट दाखवत : एक क्लिप एन्कोड करावी, मूळ पुसावी, पुढची घ्यावी. त्या काळच्या डिस्क पाहता ही अडचण खरी होती. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते हा मार्ग चुकीचा होता, आणि त्याची किंमत अनेक कुटुंबांच्या एकुलत्या एक चित्रफितींनी मोजली.

त्याचे कारण ध्वनीत आहे. पॅलची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, तर डीव्हीडीसाठी वापरल्या जाणाऱ्या एमपी२ या दाबलेल्या स्वरूपातील ध्वनीचा एक तुकडा ४८ किलोहर्ट्झला २४ मिलिसेकंदांचा. क्लिप जिथे संपते तिथे या दोन्ही मापांचा मेळ बहुधा बसत नाही. शेवटचा तुकडा पूर्ण भरून घेतला की ध्वनी चित्रापेक्षा किंचित लांबतो. एका क्लिपमध्ये हे जाणवत नाही, पण असे पन्नास सांधे एकामागोमाग आले की अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक साचू शकतो, आणि मंगलाष्टके म्हणणाऱ्यांचे ओठ व शब्द वेगळे पडतात. शिवाय दोन फेऱ्यांच्या एन्कोडिंगचा (पहिल्या फेरीत चित्रण तपासून दुसऱ्या फेरीत दाबण्याचा) सारा फायदा संपूर्ण चित्रण एकत्र तोलण्यात असतो : स्थिर दृश्यातून वाचवलेले बिट नाचत्या वरातीला देता येतात. क्लिप सुट्या असतील तर ही देवाणघेवाण होऊ शकत नाही.

आधी जोडण्याच्या मार्गातही एक खळगा होता, हे मान्य केले पाहिजे. डीव्हीत ध्वनी १६ बिट ४८ किलोहर्ट्झ किंवा १२ बिट ३२ किलोहर्ट्झ असा दोन प्रकारे नोंदता येई. कॅसेटच्या मध्यावर कोणी ही निवड बदललेली असेल, तर क्लिप सरळ जोडल्या जात नसत. ध्वनी आधी एका मापावर आणावा लागे.

‘जोडणे’ या शब्दाचा गुंता त्यानंतर वाढतच गेला. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्कॅट’ (जोडणी) या एकाच नावाखाली तीन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली बाइटला बाइट चिकटवते, जे एमपीईजीच्या प्रवाहांना चालते पण एमपी४ या आजच्या नेहमीच्या फाईल स्वरूपाला चालत नाही. दुसरी पुन्हा एन्कोड न करता दाबलेले तुकडे एकामागून एक रचते. तिसरी सर्व काही उलगडून नव्याने एन्कोड करते. ‘मर्ज केले’ असे कोणी म्हटले की यांपैकी काय केले, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

२००३ च्या एच.२६४ या दाबणीच्या पद्धतीनंतर आणि ती वापरणाऱ्या २००६ च्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांनंतर दुसरी क्रिया लोकप्रिय झाली, कारण ती काही सेकंदांत संपते व दर्जा घटवत नाही. मात्र एमपी४ फाईलमध्ये चित्र उलगडण्याच्या सूचना सहसा एकदाच, शीर्षभागात असतात. दुसरी क्लिप वेगळ्या कॅमेऱ्याची असेल तर पहिलीच्या सूचनांनी ती उलगडताना चित्र विस्कटते. मोबाइलने त्यात बदलत्या फ्रेमदराची आणि आडव्या-उभ्या नोंदीची भर घातली.

आज १३ जीबी साध्या पेनड्राइव्हवर मावतात, त्यामुळे क्लिप एकेक करून एन्कोड करण्याचे मूळ कारण उरलेले नाही. तरीही जुन्या कॅसेट उतरवून घेणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत तोच क्रम अजून आढळतो, आणि एन्कोडिंग झाल्यावर मूळ डीव्ही फायली पुसून टाकण्याची पायरीही तशीच राहिली आहे.