कत्तल, कातिल आणि अमेरिकेतली हिब्रू व्याकरणं

अमेरिका नावाचा देश व्हायच्या शंभरेक वर्षं आधीपासून हार्वर्डच्या मुलांना हिब्रू शिकावं लागायचं, ग्रीक-लॅटिनच्या जोडीला, कारण कॉलेज मुख्यतः धर्मगुरू तयार करायला काढलेलं आणि बायबलचा जुना करार मुळात हिब्रूत, त्यातला थोडा भाग ॲरमाइक या हिब्रूच्या बहीणभाषेत. पण तिथे छापलेलं हिब्रू व्याकरण नव्हतं. 1722 मध्ये जूडा मोनिस तिथे शिकवायला लागले (जन्माने ज्यू, पण नोकरी मिळाली ती ख्रिस्ती झाल्यावरच, हे वाचून मला आजही वाईट वाटतं), तेव्हा त्यांचं व्याकरण प्रत्येक मुलगा हाताने उतरवून घ्यायचा. उजवीकडून डावीकडे जाणारी अनोळखी लिपी, त्यात अक्षरांखाली बारीक टिंबं, एक टिंब चुकलं की शब्दच बदलला. शेवटी लंडनच्या थॉमस हॉलिस यांनी छपाईचे हिब्रू खिळे पाठवले आणि 1735 मध्ये बॉस्टनला पुस्तक छापून निघालं, हजार प्रती. उत्तर अमेरिकेत छापलेलं हे पहिलं हिब्रू व्याकरण.

आता ती टिंबं काय भानगड आहे ते बघू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे. हिब्रू लिपीत मुळात व्यंजनंच लिहितात. समजा मराठीतून काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं काढून टाकलं, तर 'कर' लिहिलेलं कर, कार, केर, कीर, कोर काहीही असू शकेल. तसंच हिब्रूत द-व-र ही तीन अक्षरं 'दावार' वाचली तर शब्द किंवा गोष्ट, आणि 'देवेर' वाचली तर साथीचा रोग! हा घोळ टाळायला मध्ययुगातल्या ज्यू पंडितांनी स्वरांची टिंबं आणि रेघा बसवल्या.

मॅसॅच्युसेट्समधल्याच अँडोव्हर सेमिनरीत (धर्मगुरू घडवणारं विद्यालय) 1810 साली मोझेस स्टुअर्ट शिकवायला आले तेव्हा त्यांना स्वतःला हिब्रू जेमतेम येत होतं. तरी तीन वर्षांत त्यांनी व्याकरण काढलं, आणि छापखान्यात हिब्रू जुळवणारा कोणी नाही म्हणून बऱ्याच पानांचे खिळे स्वतःच्या हाताने जुळवले. पण 1813 च्या त्या पुस्तकात टिंबं नव्हतीच. टिंबं नंतरची, मूळ ग्रंथात नाहीत, मग कशाला शिकायची, असा विचार तेव्हा बऱ्याच जणांचा होता.

माझ्या मते इथेच खरी गंमत आहे, कारण हिब्रू, ॲरमाइक, अरबी या एकाच कुळातल्या भाषांमध्ये शब्दाचा अर्थ साधारण तीन व्यंजनांत असतो आणि व्याकरण बरंचसं स्वरांत. आपल्याकडचाच शब्द घ्या, कत्तल. हा अरबीतून आलेला, मूळ क-त-ल. अरबीत 'कतल' म्हणजे त्याने मारलं, 'कुतिल' म्हणजे तो मारला गेला, 'कातिल' मारणारा, 'मक्तूल' मारलेला. व्यंजनं तीच, फक्त मधले स्वर फिरले (आणि कधी पुढे एखादं अक्षर लागलं) की कर्ता, कर्म, कर्मणी सगळं बदलतं. हिब्रूत याचंच भावंड आहे, 'काताल' मारलं, 'कोतेल' मारणारा, आणि ॲरमाइकमध्ये 'क्ताल'. हिब्रू व्याकरणांत क्रियापद चालवून दाखवायला पिढ्यानपिढ्या हाच धातू वापरलाय. म्हणजे टिंबं काढली की अर्थाचा सांगाडा राहतो पण व्याकरण जवळजवळ हातातून जातं.

आणि टिंबं खरी कशावरून? तर अरबी जिवंत भाषा आहे, तिथले स्वर आजही कानांनी ऐकता येतात. कर्मणीत पहिला स्वर 'उ' होतो ते अरबीत दिसतं आणि टिंबं लावलेल्या हिब्रूतही एका प्रकारात तसाच 'उ' सापडतो. म्हणजे टिंबं लावणाऱ्यांनी मनाचं काही घातलं नव्हतं, कानावर पिढ्यांपिढ्या आलेलं नोंदवलं होतं. जर्मनीतले हिब्रूचे पंडित गेझेनियस अशी तुलना करत होते, स्टुअर्ट जर्मन शिकले, त्यांचं काम वाचलं, आणि 1821 मध्ये नवं व्याकरण काढलं, टिंबांसकट. आधीचं स्वतःचंच पुस्तक बाजूला ठेवायला धैर्य लागतं, मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

त्यानंतर वेग आला. अँडोव्हरलाच शिकलेल्या इलायस रिग्ज यांनी 1832 मध्ये, वयाच्या बाविशीच्या आतच, बायबलमधल्या ॲरमाइकचं व्याकरण काढलं. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत काढलं, कारण कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांची बोली मराठीच.

अरबी मात्र अमेरिकेत बराच काळ हिब्रूचं कोडं सोडवायचं साधन म्हणूनच शिकली जायची. 1841 मध्ये येल कॉलेजने एडवर्ड सॅलिस्बरी यांना प्रोफेसर नेमलं, ते पॅरिसला अरबीचे पंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांच्याकडे अरबी शिकून आले होते, आणि त्यांच्या पदाच्या नावात हिब्रू नव्हतंच, होतं ते अरबी आणि संस्कृत.