वर्षाचा नंबर एक कलाकार कोण? बिलबोर्डचं उत्तर आणि आयएफपीआयचं उत्तर

आयएफपीआयने, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, 2013 सालासाठी जगातला सर्वांत यशस्वी कलाकार म्हणून वन डायरेक्शन या बँडचं नाव जाहीर केलं. 2014 साठी टेलर स्विफ्ट आणि 2015 साठी ॲडेल. आता बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या वार्षिक याद्या काढून बघा. 2014 ला वन डायरेक्शन, 2015 ला टेलर स्विफ्ट, 2016 ला ॲडेल. तीच तीन नावं, त्याच क्रमाने, फक्त एकेक वर्ष पुढे सरकलेली. पहिल्यांदा हे शेजारी-शेजारी ठेवलं तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी तक्ता भरताना रकाना चुकलाय.

रकाना कुणाचाच चुकलेला नाही. दोघांचं वर्षच वेगळं आहे.

आयएफपीआयचं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरचं, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. बिलबोर्डचं वर्ष 2022 पर्यंत साधारण नोव्हेंबर ते नोव्हेंबर असायचं (2023 पासून ते ऑक्टोबरमध्येच मिटतं), कारण त्यांना वार्षिक अंक डिसेंबरमध्येच बाजारात आणायचा असतो. म्हणजे जे आठवडे नाताळच्या खरेदीमुळे अल्बम विक्रीच्या दृष्टीने सर्वांत तगडे, तेच बिलबोर्डच्या हिशेबात पुढच्या वर्षात जातात. ॲडेलचा ‘25’ हा अल्बम आला 20 नोव्हेंबर 2015 ला. एकट्या अमेरिकेत पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे 33 लाख 80 हजार प्रती खपल्या. पण तो आठवडा छापला गेला 12 डिसेंबरच्या चार्टवर, म्हणजे साप्ताहिक क्रमवारीवर, आणि बिलबोर्डचं 2015 तोवर बंद झालं होतं. आयएफपीआयने मात्र तो सगळा खप 2015 मध्येच धरला. त्यांच्या मोजणीत त्या सहा आठवड्यांत जगभर 1 कोटी 74 लाख प्रती गेल्या. टेलर स्विफ्टचा ‘1989’ ऑक्टोबर 2014 च्या अखेरीस आला, वन डायरेक्शनचा ‘मिडनाइट मेमरीज’ नोव्हेंबर 2013 मध्ये. तिन्ही वेळा साधारण तोच प्रकार.

समाजमाध्यमांवर चाहते एकमेकांच्या अंगावर जातात ते बहुतेक इथेच. एकाच्या हातात बिलबोर्डचा तक्ता, दुसऱ्याच्या हातात आयएफपीआयचा, आणि दोघंही ‘अधिकृत आकडा’ म्हणून ओरडत असतात. दोघांचेही तक्ते खरेच असतात.

पण तारखा जुळवल्या म्हणून भांडण संपत नाही, कारण मोजायची वस्तूही वेगळी आहे.

बिलबोर्ड हे अमेरिकी नियतकालिक. 1894 मध्ये निघालं तेव्हा ते भिंतीवर जाहिराती चिकटवण्याच्या धंद्याचं पत्र होतं, नावात ती खूण अजून आहे. त्याची वार्षिक यादी म्हणजे त्याच्याच साप्ताहिक चार्टांची बेरीज: गाण्यांचा हॉट 100, अल्बमचा बिलबोर्ड 200, आणि कलाकारांच्या यादीत बरीच वर्षं कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीचाही वाटा. हे दोन्ही मुख्य चार्ट फक्त अमेरिकेपुरते. आयएफपीआय ही रेकॉर्ड कंपन्यांची जागतिक संघटना, 1933 पासूनची. तिला मैफलींच्या तिकिटांशी देणंघेणं नाही आणि रेडिओशीही नाही. सीडी, रेकॉर्ड, डाउनलोड, स्ट्रीमिंग, असं जगभरात लोकांनी जे विकत घेतलं किंवा ऐकलं ते एका मापात आणून ती कलाकाराच्या नावावर टाकते.

रेडिओचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. हॉट 100 मध्ये विक्री आणि स्ट्रीमिंगबरोबर रेडिओवर गाणं किती लोकांच्या कानावर पडलं हेही धरतात. रेडिओवाले गाणं पकडायला वेळ लावतात आणि एकदा पकडलं की सोडत नाहीत. त्यामुळे वार्षिक बेरजेत झटक्यात वर जाणाऱ्या गाण्यापेक्षा चिवट गाणं जिंकतं. दुआ लिपाचं ‘लेव्हिटेटिंग’ एकाही आठवड्यात पहिलं आलं नाही, दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचलं, पण पहिल्या दहांत 41 आठवडे ठाण मांडून बसलं आणि 2021 च्या वार्षिक यादीत पहिलं आलं. असं आधी 1965, 2000 आणि 2001 मध्येही झालंय. 2022 मध्ये हॅरी स्टाइल्सचं ‘ॲज इट वॉज’ तब्बल 15 आठवडे अव्वल होतं. तरी वर्षाचं पहिलं गाणं ठरलं ग्लास ॲनिमल्सचं ‘हीट वेव्ह्ज’, जे चार्टवर येऊन 59 आठवडे झाल्यावर पहिल्यांदा अव्वल स्थानी पोचलं. जगाच्या हिशेबात आयएफपीआयने त्या वर्षी पहिलं ठरवलं ते ‘ॲज इट वॉज’.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ही चिवटपणाची मोजणी मला जास्त पटते. वर्षभर कानावर काय होतं, या प्रश्नाचं उत्तर ती प्रामाणिकपणे देते.

जुनी गाणी हा मात्र बिलबोर्डचा लंगडा पाय. त्यांच्या वार्षिक बेरजेत गाणं किंवा अल्बम चार्टवर असलेल्या आठवड्यांचीच कमाई धरतात, चार्टच्या आधीचं-नंतरचं काही नाही. त्यात जुनी गाणी ठरावीक आठवड्यांनंतर खाली घसरली की हॉट 100 मधून काढूनच टाकतात. एखाद्याची वीस जुनी गाणी रोज लाखो लोक ऐकत असतील, पण चार्टवर नसतील, तर ती कमाई या खात्यात शून्य. आयएफपीआय कलाकाराचा अख्खा साठा मोजते, पहिल्या अल्बमपासून कालच्या गाण्यापर्यंत. म्हणून ज्यांच्या मागे दहा-पंधरा वर्षांचं काम आहे त्यांना तिथे वजन मिळतं. टेलर स्विफ्ट 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं तिथे पहिली आली, त्यात या साठ्याचा हात मोठा.

2022 चंच बघा. बिलबोर्डचा पहिला कलाकार बॅड बनी. त्याचा ‘उन वेरानो सिन ती’ मे महिन्यात आला आणि अल्बम चार्टवर 13 आठवडे पहिला राहिला, वर त्याचे स्टेडियममधले दौरे. स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ आला 21 ऑक्टोबरला. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत पंधरा लाखांच्या वर गेला, पण बिलबोर्डचं वर्ष मिटायला तेव्हा जेमतेम एक-दोन आठवडे उरले होते. आयएफपीआयच्या वहीत डिसेंबरअखेरपर्यंतचा खप आला, शिवाय मागचे सगळे अल्बम.

भूगोलाचा फरक बघायचा तर बीटीएस हा कोरियन बँड घ्या. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षं आयएफपीआयचे पहिले तेच. कोरिया आणि जपानमध्ये चाहते अजून सीडी विकत घेतात, आणि जपान ही अमेरिकेखालोखाल जगातली सर्वांत मोठी संगीत बाजारपेठ आहे. हा खप बिलबोर्डच्या अमेरिकी चार्टांना दिसतच नाही. 2020 ला तिथे पहिला होता पोस्ट मलोन.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बिलबोर्डची जुनी वर्षं आजच्या वर्षांशी ताडून बघू नयेत. 1991 पर्यंत दुकानदार आणि रेडिओ केंद्रं सांगतील त्यावर चार्ट बनायचा, आणि वर्षाची बेरीज क्रमांकांना गुण देऊन व्हायची. पहिल्याला सर्वांत जास्त, मग उतरत. खप दुप्पट असो की निसटता जास्त, पहिल्याचे गुण तेवढेच. 1991 पासून दुकानातल्या बारकोडची प्रत्यक्ष नोंद येऊ लागली, तेव्हा कुठे आकड्यांत अंतर दिसायला लागलं. 2014 च्या डिसेंबरपासून 1,500 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, असा हिशेब सुरू झाला, आणि 2018 मध्ये पैसे भरून ऐकणारा आणि फुकट ऐकणारा यांचं माप वेगळं केलं.

दोन्ही याद्या जुळतात तेव्हा मी आधी अल्बमची तारीख बघतो. 2017 ला दोन्हीकडे एड शीरन: ‘डिव्हाइड’ मार्चच्या सुरुवातीला आला होता. 2018 ला दोन्हीकडे ड्रेक: ‘स्कॉर्पियन’ जूनच्या अखेरीस. नोव्हेंबरची रेघ तोवर फार लांब होती.