सीमाभागातल्या उमेदवारांची यूपीएससी मुलाखत आणि तिथले प्रश्न

यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षेचा शेवटचा टप्पा म्हणजे पर्सनॅलिटी टेस्ट, आपण सगळे इंटरव्ह्यूच म्हणतो. दिल्लीत शहाजहान रोडवर धोलपूर हाऊसला होते, मार्क 275, लेखीचे 1750 धरून एकूण 2025. मेन्स, म्हणजे मुख्य लेखी परीक्षा, मराठीतून लिहिली असेल तर इंटरव्ह्यूही मराठीतून देता येतो, दुभाषी बसलेला असतो. पास व्हायला किमान मार्कांची अट नाही, पण इथं मार्क कमी पडले की रँक घसरते आणि हवी ती सर्व्हिस हातची जाते.

बरेच प्रश्न डॅफमधूनच येतात, म्हणजे जो तपशीलवार फॉर्म आपणच भरलेला असतो त्यातून. त्यामुळं बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना काय विचारतील याचा अंदाज बांधता येतो: 1924 चं काँग्रेस अधिवेशन (गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच), मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, निपाणीचा तंबाखू, नंदगडला फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा, म्हादईचं पाणी. हे पाठ करून होतं.

खरी गोची सीमाप्रश्नाची. मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या इंटरव्ह्यूत, कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही महाराष्ट्राचे की कर्नाटकचे?" आणि पोरगं एकतर तावातावानं भाषण ठोकतं, नाहीतर घाबरून "नो कमेंट्स" म्हणतं, दोन्ही वाया. सरळ सांगावं की सर, गाव खानापूर तालुक्यात, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, घरात मराठी बोलतो आणि बाजारात कन्नडही चालतं. (कन्नड खरंच येत असेल तरच हं, पुढचा प्रश्न कन्नडमधून आला तर पंचाईत.) मग येतंच, "पण बेळगाव कुणाला मिळायला पाहिजे?" इथं आधी क्रम मांडायचा: 1956 ची राज्य पुनर्रचना, महाराष्ट्राची हरकत, 1966 ला या वादासाठी नेमलेला महाजन आयोग, त्याचा 1967 चा अहवाल महाराष्ट्राला अमान्य आणि कर्नाटक त्यावरच ठाम, 2004 पासून सुप्रीम कोर्टात घटनेच्या कलम 131 खाली (राज्याराज्यांतल्या वादांचं कलम) दावा. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार कलम 3 नुसार संसदेचा, तेही सांगून टाकावं. एवढं नीट सांगितलं की बोर्ड, म्हणजे मुलाखत घेणारं मंडळ, बहुतेक वेळा वळतं प्रशासनाकडं, म्हणजे उद्या तुम्ही तिथले डीसी (जिल्हाधिकारी) असाल आणि 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी, तर काय कराल? माझ्या मते सगळ्यात भारी प्रश्न हाच, कारण इथं पुस्तक कामाला येत नाही आणि आपल्याकडच्या पोरानं ते दोन्ही रस्त्यावर बघितलेलं असतं. दोन्ही बाजूच्या पुढाऱ्यांना आधी बोलावून मार्ग आणि वेळा वेगळ्या ठरवणं, एसटी अडवली तर प्रवाशांची सोय, अफवांवर लक्ष, एसपींशी आधीच बोलणं, असं एकेक सांगत जावं.

बोर्ड मुद्दाम डिवचतंही, "म्हणजे तुम्ही मराठी लोकांची बाजू घेणार?" त्यावर चिडायचं नाही, घटनेचं कलम 350-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे आणि अंमलबजावणी करताना समोरचा कुठल्या भाषेचा हे बघायचं नसतं, एवढं बोलून गप्प बसावं. माहीत नसेल तर "सॉरी सर, माहीत नाही" म्हणावं, फेकाफेकी पकडली जाते.