देखणा चेहरा आणि सरावलेली नजर

१८७८ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन हे शास्त्रज्ञ गुन्हेगाराचा चेहरा शोधत होते. प्रत्येक गुन्हेगारात काहीतरी समान ठेवण असणार आणि ती फोटोत पकडता येईल, असं त्यांना वाटत होतं. तुरुंग खात्याचे प्रमुख सर एडमंड ड्यू केन यांनी त्यांना कैद्यांचे फोटो पुरवले. गाल्टननी ते एका मापाचे केले, डोळ्यांवर डोळे बरोबर येतील असे जुळवले आणि कॅमेऱ्यातल्या एकाच काचेवर एकामागून एक उतरवले. एक फोटो नीट उमटायला ऐंशी सेकंद लागत असतील आणि फोटो आठ असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद, असा हिशेब. एखाद्याच माणसाच्या चेहऱ्यावर जे असेल, व्रण, वाकडं नाक, ते दहा सेकंदांत पुसटच राहतं. जे सगळ्यांमध्ये आहे तेवढंच ठळक होतं.

काचेवर उमटला तो चांगला दिसणारा माणूस. ज्या चेहऱ्यांपासून तो बनला होता, त्यांच्यापेक्षा देखणा! दुष्टपणाच्या म्हणून ज्या खुणा गाल्टन शोधत होते, त्याच विरून गेल्या होत्या. माणसांची प्रतवारी लावण्याच्या ज्या विचाराचा गाल्टननी पुढे हिरिरीने प्रचार केला, त्याने जगाचं फार नुकसान केलं. पण हे निरीक्षण खरं होतं आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

शंभरेक वर्षांनी, १९९० मध्ये, टेक्सास विद्यापीठात ज्युडिथ लँग्लॉइस आणि लोरी रॉगमन यांनी तेच काम संगणकावर केलं. विद्यार्थ्यांचे दोन, चार, आठ, सोळा आणि बत्तीस चेहरे मिसळून एकेक चेहरा बनवला आणि लोकांना गुण द्यायला सांगितलं. सोळा आणि बत्तीस जणांच्या मिश्रणाने बनलेले चेहरे सुट्या चेहऱ्यांहून सरस ठरले. फोटो मिसळले की त्वचा नितळ दिसते, म्हणून तर असं होत नाही ना, ही शंका लगेच आली आणि ती रास्तही होती. मग त्वचा होती तशी ठेवून फक्त नाकाडोळ्यांची ठेवण सरासरीकडे सरकवण्याचे प्रयोग झाले. परिणाम टिकला.

इथे सरासरी म्हणजे सामान्य नव्हे. नाकाची लांबी, डोळ्यांमधलं अंतर, हनुवटी, सगळंच एकाच वेळी मध्यावर असणारा माणूस क्वचितच सापडतो. शिवाय सरासरी म्हणजेच सौंदर्याची कमाल, असंही नाही. १९९४ मध्ये डेव्हिड पेरेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सर्वाधिक पसंत पडलेल्या चेहऱ्यांची सरासरी ही सरसकट सगळ्यांच्या सरासरीपेक्षा जास्त आवडते. पण पाया सरासरीचाच राहतो.

हे असं का, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे उत्क्रांती: नीटस, दोन्ही बाजूंनी सारखा चेहरा हा निरोगीपणाचा दाखला, म्हणून आपल्याला तो आवडतो. ऐकायला पटतं, पण मला ते अपुरं वाटतं. १९९८ च्या एका अभ्यासात सतराव्या वर्षीच्या फोटोंना मिळालेले गुण आणि त्याच माणसांच्या प्रकृतीच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. देखणेपणावरून प्रकृतीचा अंदाज बांधता आला नाही. दुसरा पुरावा तर भलताच मजेदार आहे. जेमिन हॅल्बरश्टाट आणि जिलियन ऱ्होड्स यांनी २००० मध्ये कुत्री, पक्षी आणि मनगटी घड्याळं यांची चित्रं लोकांपुढे ठेवली. तिथेही सरासरीच्या जवळचं तेच जास्त आवडलं. घड्याळाशी कुणाला संसार थाटायचा नसतो! म्हणजे या आवडीचा निदान काही भाग मेंदूच्या कामाच्या पद्धतीतून येतो. पाहिलेल्या असंख्य नमुन्यांमधून मेंदू एक मधला नमुना तयार करतो. त्याच्या जवळचं काही समोर आलं की ते ओळखायला कष्ट पडत नाहीत, आणि ही सहजता सुखावते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. हा मधला नमुना कायमचा कोरलेला नसतो. २००३ मध्ये ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही मिनिटं मुद्दाम दाबलेले किंवा फुगवलेले चेहरे दाखवले. त्यानंतर त्याच बाजूला थोडे झुकलेले चेहरे लोकांना अधिक स्वाभाविक आणि अधिक आकर्षक वाटू लागले. काही मिनिटांत नजर सरावली. मग वर्षानुवर्षं एकाच ठशाची माणसं पाहिल्यावर काय होईल?

फिजी बेटांवर त्याचं एक उत्तर मिळतं. तिथे भरलेला बांधा ही कौतुकाची गोष्ट होती. नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींच्या खाण्याबद्दलच्या धारणा तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये तपासल्या. प्रश्नावलीत खाण्याच्या विकाराकडे झुकणारे गुण मिळालेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के मुली तसं करत होत्या.

आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात ‘वर्ण’ हा रकाना अजून असतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ असं लिहितात. सावळी मुलगी असेल तर घरचे ‘गव्हाळ’ लिहून मोकळे होतात. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि तिच्या नावातलं ‘फेअर’ २०२० मध्ये गेलं. अवतीभवती बहुतेक चेहरे सावळे आणि पडद्यावरचे जवळजवळ सगळे उजळ, अशा दोन सरासऱ्या मनात घेऊन इथल्या पिढ्या वाढल्या. त्यातली एक विकायला काढलेली होती. रकाना भरणाऱ्या मुलीला त्याची किंमत मोजावी लागते, याचा मला राग येतो.

तरीही सगळ्यांची आवड एकसारखी होत नाही. २०१५ मध्ये लॉरा जर्मीन आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या शेकडो जोड्यांना चेहऱ्यांना गुण द्यायला लावलं. चेहऱ्यांबाबतची साधारण निम्मी पसंती इतरांशी जुळणारी, निम्मी ज्याची त्याची. ही दुसरी निम्मी जनुकांपेक्षा परिस्थितीतून आलेली, आणि तीही घरातून कमी, स्वतःला भेटलेल्या माणसांमधून जास्त. त्याच वर्षी अमेरिकेतल्या १६७ जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओळख होताच लवकर एकत्र आलेल्या जोडप्यांमध्ये दोघं दिसायला साधारण तोलामोलाची होती. आधी दीर्घकाळ ओळख आणि मग प्रेम, अशांमध्ये हा मेळ फार कमी आढळला. अनोळखी माणसाचा फोटो पाहून आपण देतो तो कौल बहुतांशी पहिल्या निम्म्याचा असतो. दुसऱ्या निम्म्याला बोलायला सहवास लागतो.